सावित्रीबाई फुले, त्यांच्या घरी आलेल्या ३५ जणी आणि गर्भपाताच्या गोळ्या

दरवर्षी ३ जानेवारीला आमच्या मोहाडी तालुक्यातल्या शाळांमध्येही मुली नऊवारी नेसून सावित्रीबाई होतात. भाषणात भिडेवाडा येतो, अंगावर फेकलेले शेण येते, पिशवीतले दुसरे लुगडे येते. पण सावित्रीबाईंनी आपल्या घरात नको असलेल्या गर्भाच्या ओझ्याने पिचलेल्या बायकांची बाळंतपणे केली, हा भाग बहुधा एका वाक्यात उरकतो. लहान मुलांसमोर तो कसा सांगायचा हा संकोच समजण्यासारखा आहे. मोठ्या माणसांनी मात्र तो वाचायलाच हवा. पाळी चुकली आणि घरात कोणाला सांगता येत नाही, अशा अवस्थेत दवाखान्यात येणाऱ्या बाईची अडचण १८६३ साली जी होती ती आजही बरीचशी तीच आहे. बदलले आहे ते औषध आणि बदलला आहे तो कायदा. म्हणून या लेखात सावित्रीबाईंचे आयुष्य सांगताना मध्येच थांबून आजच्या गर्भपाताच्या गोळ्यांविषयीही सविस्तर लिहिले आहे.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. वडील खंडोजी नेवसे पाटील. १८४० मध्ये लग्न झाले तेव्हा त्यांचे वय ९ वर्षांचे आणि जोतिरावांचे १३. अक्षरओळख सासरीच झाली. जोतिरावांनी शिकवले, पुढे शिक्षिका होण्याचे रीतसर शिक्षणही त्यांनी घेतले आणि १८४८ मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढच्याच वर्षी दोघांना सासऱ्यांचे घर सोडावे लागले. उस्मान शेख यांनी जागा दिली, आणि फातिमा शेख शिकवण्याच्या कामात सोबत आल्या. हे सगळे आपण ऐकलेले असते, त्यामुळे इथे लांबवत नाही.

त्यांना मूलबाळ झाले नाही. त्या काळी अशा वेळी नवऱ्याचे दुसरे लग्न लावून देणे हा सरळ मार्ग होता आणि नातेवाइकांनी तो सुचवलाही. जोतिरावांनी नकार दिला. दोष बाईचाच कशावरून, असा त्यांचा रोख होता. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने तो रोख बरोबर होता. मूल न होण्याच्या कारणांत पुरुषाकडची कारणे मोठ्या प्रमाणात असतात, आणि तपासणी दोघांचीही करायची असते. आजही आमच्याकडे बायको एकटीच सोनोग्राफीची फाईल घेऊन येते आणि नवरा बाहेर मोटारसायकलवर बसून राहतो, त्याला एका साध्या वीर्यतपासणीसाठी आत बोलवायला तीन फेऱ्या लागतात.

१८५६ च्या सुमारास सावित्रीबाई आजारी पडून माहेरी नायगावला गेल्या होत्या. तिथून जोतिरावांना लिहिलेले त्यांचे पत्र उपलब्ध आहे. आजारपणात भावाने काळजी घेतली, पण त्याला या दोघांचे काम पटत नव्हते आणि त्यावरून दोघा भावंडांत वाद झाला, असे त्यातून कळते. अंथरुणावर पडून वाद घालणाऱ्या या बाईंचा स्वभाव पुढच्या गोष्टीत दिसतो.

१८६३ : काशीबाईचा खटला

जोतिरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फसवले. दिवस राहिल्यावर तिने गर्भ पाडण्याचे उपाय करून पाहिले, ते साधले नाहीत. पूर्ण दिवस भरून मूल झाले. लाजेने आणि भीतीने तिने ते मारले आणि घरामागच्या विहिरीत टाकले. प्रेत सापडले, खटला झाला, तिला जन्मठेप होऊन अंदमानला पाठवण्यात आले. भारतीय दंडविधान नुकतेच, १८६२ पासून लागू झाले होते. त्यात गर्भपात करणारा आणि स्वतःचा गर्भपात करून घेणारी स्त्री, दोघेही गुन्हेगार ठरत. शास्त्र्याचे काय झाले हा प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेत येतच नव्हता.

या खटल्यानंतर लगेच फुले दांपत्याने पुण्यात स्वतःच्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. शहराच्या कोपऱ्याकोपऱ्यावर जाहिराती चिकटवल्या. विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा इथेच ठेवावे, असा त्यांचा आशय होता. जोतिराव बाहेरची बाजू सांभाळत. आत आलेल्या बाईला जवळ घेणे, तिचे बाळंतपण करणे, बाळाला आंघोळ घालणे हे काम सावित्रीबाईंचे. तेव्हा त्या ३२ वर्षांच्या होत्या, स्वतः कधी बाळंत न झालेल्या.

१८८४ मध्ये, बेहरामजी मलबारींच्या टिपणांवर मत देताना जोतिरावांनी या घराचा हिशोब लिहून ठेवला आहे. तोवर ३५ गर्भवती विधवा आल्या. त्यांच्या मुलांपैकी जिवंत राहिली फक्त ५. बाकीची ३० मुले दगावली, आणि त्याचे कारण जोतिरावांच्या मते हे की, आयांनी गर्भ लपवण्यासाठी घेतलेल्या विषारी औषधांनी त्यांना पोटातच इजा झालेली होती.

हा आकडा डॉक्टरने वाचला की वाचन थांबते. सगळ्या ३० मृत्यूंचे कारण औषधेच होती असे मी म्हणणार नाही. घट्ट बांधलेले पोट, उपासमार, अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण, त्या काळचा नवजात बाळांचा एकूणच मोठा मृत्यूदर, हे सगळे त्यात मिसळलेले असणार. पण जोतिरावांचे निरीक्षण मुळात खरे आहे: या बायकांनी सावित्रीबाईंच्या दारात येण्याआधी काहीतरी घेतलेले होते. त्या शतकातल्या वैद्यकीय न्यायशास्त्राच्या ग्रंथांत चित्रकाच्या मुळासारख्या जहाल वनस्पतींचा आणि आत खुपसलेल्या काड्यांचा उल्लेख येतो. अशी विषे गर्भाशयावर नेमके काम करत नाहीत. ती सगळ्या शरीराला बाधतात, आणि बाई मरणाच्या दारात पोहोचली की त्या धक्क्याने कधी गर्भ पडतो, कधी पडत नाही. काडीने गर्भाशयाला भोक पडते, पू होतो, धनुर्वात होतो. ज्या ३५ जणी फुल्यांच्या घरी पोहोचल्या त्या या सगळ्यातून वाचलेल्या होत्या. बाकीच्यांची मोजदाद कोणी ठेवली नाही.

आजच्या गोळ्या वेगळ्या कशा

आज डॉक्टर देतात ती दोन औषधे आहेत. पहिले मिफेप्रिस्टोन. गर्भ टिकवून ठेवण्यासाठी शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक लागते. हे औषध त्याचे काम अडवते, त्यामुळे गर्भाशयाचे आतले अस्तर सैल होते. दुसरे मिसोप्रोस्टॉल. त्याने गर्भाशय आकुंचन पावते आणि गर्भ बाहेर पडतो. मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची एक गोळी तोंडाने घेतात आणि २४ ते ४८ तासांनी मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या ४ गोळ्या जिभेखाली, गालात किंवा योनीमार्गात ठेवतात. नेमके कसे, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. वेळेत आणि नीट तपासून घेतल्यास शंभरातल्या सुमारे ९५ ते ९८ जणींचा गर्भपात या औषधांनीच पूर्ण होतो. उरलेल्यांना पिशवी साफ करावी लागते. आता त्यासाठी पूर्वीसारखे खरवडण्याऐवजी सौम्य निर्वात पद्धत वापरतात.

भारतात या गोळ्या ९ आठवड्यांपर्यंत, म्हणजे ६३ दिवसांपर्यंत दिल्या जातात. हे दिवस मोजण्यात फार घोळ होतो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे, पाळी चुकल्याच्या दिवसापासून नाही. महिन्याला नियमित पाळी येणाऱ्या बाईची पाळी चुकते तेव्हाच हिशोबाने चार आठवडे झालेले असतात. म्हणजे हातात राहतात जेमतेम पाच आठवडे. आमच्याकडे धानाची रोवणी लागली की बायका पंधरा पंधरा दिवस तारीखच विसरतात, मग आठवण होते, मग नवरा कामावरून येईपर्यंत थांबतात, आणि येतात तेव्हा तीन महिने उलटलेले असतात. पाळी आठवडाभर लांबली की लघवीची तपासणी घरीच करा. किट मेडिकलमध्ये मिळते, आशाताईंकडेही मिळते.

आणखी एक गोंधळ. संबंधानंतर तीन दिवसांत घेतात ती तातडीची गोळी आणि गर्भपाताची गोळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तातडीची गोळी गर्भ राहू नये म्हणून असते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही.

गोळ्या देण्याआधी डॉक्टर काही गोष्टी पाहतात, आणि त्यासाठीच चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणणे धोक्याचे आहे. पहिली गोष्ट म्हणजे गर्भ गर्भाशयातच आहे ना. तो नळीत राहिलेला असेल तर या गोळ्यांचा उपयोग होत नाही, नळी फुटू शकते आणि पोटात रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. गोळ्या घेतल्यावर थोडे रक्त गेले, म्हणून बाई निश्चिंत राहते, आणि आत नळी फुगत असते. खालच्या पोटात एका बाजूला तीव्र वेदना, खांद्यात दुखणे, चक्कर येऊन पडणे अशी लक्षणे दिसली तर रात्र असो की पाऊस, १०८ ला फोन करा.

दुसरी गोष्ट रक्ताची. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर घरी गोळ्या देत नाहीत, कारण सामान्य रक्तस्रावही अशा बाईला झेपत नाही. पूर्व विदर्भात हा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. सिकलसेल आपल्या भागात घराघरांत आढळतो. सिकलसेल आहे म्हणून गर्भपात करता येत नाही असे नाही, पण तो दवाखान्याच्या देखरेखीखाली, रक्ताची सोय पाहून करावा लागतो. तुमच्याकडे सिकलसेलचे लाल किंवा पिवळे कार्ड असेल तर ते डॉक्टरांना न विचारता आधी दाखवा. रक्त पातळ करणारी औषधे, रक्त न गोठण्याचा आजार, खूप दिवस चालू असलेली स्टेरॉइड, अॅड्रिनल ग्रंथीचा आजार, आत बसवलेली तांबी, यांपैकी काहीही असेल तर सांगा. तांबी आधी काढावी लागते. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागेल का हे डॉक्टर ठरवतात. आधी सिझेरियन झालेले असेल तरी या दिवसांत बहुतेकींना गोळ्या देता येतात, पण ते लपवू नका.

दुसऱ्या दिवशीच्या गोळ्यांनंतर काय होते हे आधी माहीत असले की घाबरगुंडी उडत नाही. काही तासांत पोटात कळा सुरू होतात आणि पाळीपेक्षा जास्त रक्त जाते, गाठी पडतात. मळमळ, जुलाब, थंडी वाजून हलका ताप येऊ शकतो. तो त्याच दिवशी उतरतो. दुखण्यासाठी आयब्युप्रोफेन चालते आणि पॅरासिटामॉलपेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो. जोराचा रक्तस्राव बहुधा २४ तासांत कमी होतो, मग थोडे थोडे रक्त दोन आठवड्यांपर्यंत जाऊ शकते. त्या दिवशी घरात एक तरी माहितगार माणूस हवे. लहान लेकरांना सांभाळायला, गरम पाणी द्यायला, आणि वेळ आली तर गाडी बोलवायला.

वेळ आली हे कसे ओळखायचे? लागोपाठ दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजत असतील तर थांबू नका. मिसोप्रोस्टॉलनंतर चोवीस तास उलटूनही ताप १००.४ च्या वर राहिला, घाण वास येणारे पाणी जाऊ लागले, पोट दुखायचे थांबतच नाही, किंवा भोवळ येते, तरीही. आणि याच्या उलट, दुसऱ्या गोळ्यांनंतर एक दिवस गेला तरी रक्तच गेले नाही, तरीसुद्धा दवाखान्यात यायचे आहे. मोहाडीहून एका बाजूला तुमसर, दुसऱ्या बाजूला भंडारा, रस्ता एकच आहे. सकाळी बघू असे या बाबतीत म्हणू नका. डॉक्टरांना गोळ्या घेतल्याचे खरे सांगा. कोणी पोलिसांत देत नाही, आणि खरे कळले तर उपचार लवकर होतात.

साधारण १५ व्या दिवशी पुन्हा तपासणीला जायचे असते. ही भेट बायका सर्रास टाळतात, कारण त्यांना बरे वाटत असते. पण गर्भ अर्धवट राहिला का, किंवा वाढतच राहिला का, हे तिथेच कळते. लघवीची तपासणी मात्र चार आठवड्यांपर्यंत खोटी पॉझिटिव्ह दाखवू शकते, त्यामुळे आठवड्याभरातच पट्टी लावून घाबरू नका.

इथे पुन्हा ती ३० मुले आठवतात. मिसोप्रोस्टॉल घेऊनही गर्भ टिकला, तर बाळाच्या हातापायांत किंवा चेहऱ्याच्या नसांत व्यंग राहण्याचा धोका असतो. तो सगळ्या बाळांना होतो असे नाही, पण असतो. म्हणून गोळ्या अपयशी ठरल्या तर डॉक्टर निर्वात पद्धतीने गर्भपात पूर्ण करण्याचा सल्ला देतात. गोळ्या घेतल्या, जमले नाही, आता देवाच्या मनात असेल तर होऊ दे, असे म्हणून गप्प बसलेल्या बाईला निदान हा धोका समजावून सांगणे घरच्यांचे काम आहे. निर्णय तिचाच.

गर्भपातानंतर पुढच्या वेळी मूल होणार नाही ही भीती सासूबाईंना फार असते. नीट झालेल्या गर्भपाताने तसे होत नाही. किंबहुना दोन आठवड्यांच्या आतही पुन्हा बीज तयार होऊ शकते, त्यामुळे कुटुंबनियोजनाचे साधन त्याच भेटीत ठरवून घ्या. गर्भनिरोधक गोळ्या तर लगेच सुरू करता येतात, आणि निरोध घरात आणून ठेवायला नवऱ्याला कोणाची परवानगी लागत नाही.

गुप्तता : तेव्हाची आणि आताची

पुण्याच्या रस्त्यांवर लावलेल्या त्या जाहिरातींत सगळ्यात मोठे आश्वासन गुप्ततेचे होते. १८६३ मध्ये ते दोन माणसांनी स्वतःच्या जबाबदारीवर दिले होते. कायद्याने ते द्यायला शंभराहून जास्त वर्षे लागली. १९६४ मध्ये शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. शहा महाराष्ट्राचे मंत्री होते. त्या समितीच्या शिफारशींवरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि तो १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत पात्र डॉक्टरांच्या मताने, आणि बलात्कारपीडित, अल्पवयीन, विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या अशा ठरावीक स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. साधन वापरूनही गर्भ राहिला हे कारण पूर्वी फक्त विवाहितांना सांगता येई, आता लग्न झालेले नसले तरी चालते. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांच्या बाबतीतही अविवाहित स्त्रियांना वगळता येणार नाही असे स्पष्ट केले.

आणि ज्यावरून रोज वाद होतो ते: १८ वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीच्या गर्भपातासाठी तिची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही, सासऱ्यांची तर नाहीच. १८ च्या आतील मुलीसाठी पालकाची संमती लागते. तिचे नाव आणि माहिती उघड करणे डॉक्टरांसाठी गुन्हा आहे. मुलगा की मुलगी हे पाहून गर्भपात करणे हा मात्र वेगळा गुन्हा आहे, त्याला हा कायदा संरक्षण देत नाही.

शारजा, यशवंत आणि शेवटची वर्षे

१८६८ च्या ऑगस्टमध्ये सावित्रीबाई पुन्हा नायगावला होत्या. तिथून लिहिलेल्या पत्रात त्यांनी एक घटना कळवली आहे. गणेश नावाचा एक ब्राह्मण पंचांग सांगत गावोगाव फिरे. शारजा नावाच्या महार समाजातल्या मुलीशी त्याचे प्रेम जमले, तिला सहावा महिना लागला. गावाला कळल्यावर दोघांना मारतच गावातून फिरवले, जीव घेण्याची तयारी होती. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घातला आणि दोघांना सोडवले. गाव सोडून जाण्याच्या अटीवर त्यांचा जीव वाचला, आणि सावित्रीबाईंनी दोघांना जोतिरावांकडे पाठवून दिले. काशीबाईला ज्या कायद्याने काळ्या पाण्यावर पाठवले, त्याच राज्याच्या कायद्याचा धाक त्यांनी इथे वापरला. हाताशी जे होते त्याने जीव वाचवायचा, तात्त्विक शुद्धतेत अडकायचे नाही, हे मला एखाद्या अनुभवी परिचारिकेसारखे वाटते.

काही वर्षांनी, १८७३-७४ च्या सुमारास, काशीबाई याच नावाची आणखी एक विधवा त्या घरात बाळंत झाली. तिचा मुलगा यशवंत. नाळ कापल्यापासून सावित्रीबाईंनी त्याला वाढवले आणि फुले दांपत्याने त्याला दत्तक घेतले. तो डॉक्टर झाला.

मधल्या काळात १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना झाली, १८७६-७७ च्या दुष्काळात अन्नछत्रे चालली. १८८८ मध्ये जोतिरावांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. पुढची दोन वर्षे सावित्रीबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. अर्धांगाच्या रुग्णाला सांभाळणे म्हणजे काय ते ज्यांच्या घरी आहे त्यांना सांगायला नको: कूस बदलणे, भरवणे, स्वच्छता, आणि माणसाची चिडचिड. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेले. दत्तक मुलाच्या हक्कावरून नातेवाइकांनी वाद काढला तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवे स्वतःच्या हातात घेतले आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. त्यानंतर समाजाचे कामही त्यांनी पुढे नेले. १८९३ मध्ये सासवडला भरलेल्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या.

१८९६ मध्ये मुंबईत आलेला प्लेग १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात पसरला होता. मुंबईत हाफकिन यांनी त्याच जानेवारीत आपली लस स्वतःला टोचून घेतली होती, पण ती पुण्याच्या वाड्यावस्त्यांवर पोहोचली नव्हती. प्रतिजैविके यायला अजून जवळजवळ अर्धे शतक होते. यशवंतराव लष्करात डॉक्टर होते, ते रजा घेऊन आले आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात त्यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई ६६ वर्षांच्या होत्या. गावाबाहेरच्या झोपड्यांतून रुग्ण शोधून आणण्याचे काम त्यांनी घेतले. मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळल्यावर त्या तिथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या.

प्लेगचा जंतू उंदरांवरच्या पिसवांतून माणसात येतो. आजार फुप्फुसात उतरला की खोकल्यातून आणि श्वासातूनही पसरतो. रुग्णाला पाठीवर घेणे म्हणजे त्याच्या कपड्यांतल्या पिसवा आणि त्याचा श्वास दोन्ही अंगावर घेणे. हे त्या वर्षी नीटसे कोणालाच ठाऊक नव्हते. पिसवांचा भाग तर पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये पुढे आला. सावित्रीबाईंना संसर्ग झाला. १० मार्च १८९७ रोजी रात्री, आपल्या डॉक्टर मुलाच्या दवाखान्याच्या त्या मळ्यात त्या वारल्या.